मक्यात गुणसूत्रे वाढली की झाड मोठं होतं का? १०, २०, ३० आणि ४० चा सोपा हिशोब

बुलढाणा : बियाणं घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "झाड केवढं होतं? कणीस केवढं भरतं?" जिल्ह्यात सोयाबीन आणि पऱ्हाटीच्या जोडीला मक्याचा पेरा होतो, त्यामुळे हा प्रश्न घरोघरचा आहे. मोबाईलवर तर आता 'गुणसूत्रे दुप्पट केलेलं पीक', 'डबल हॅप्लॉइड बियाणं' असे शब्द सारखे फिरतात. दुप्पट म्हटलं की आपल्याला वाटतं, झाडही दुप्पट आणि उत्पन्नही दुप्पट. खरंच तसं असतं का? गुणसूत्रांच्या संख्येचा झाडाच्या उंचीशी, पानाशी आणि दाण्याशी नेमका काय संबंध आहे? सोप्या भाषेत समजून घेऊ.

गुणसूत्र म्हणजे काय?

कोणतंही झाड बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. प्रत्येक पेशीच्या केंद्रात धाग्यासारख्या रचना असतात, त्या म्हणजे गुणसूत्रे. झाड किती उंच होईल, पान किती रुंद होईल, दाणा पिवळा की पांढरा, याच्या सूचना म्हणजे जनुके याच धाग्यांवर ओळीने बसलेली असतात.

मक्याच्या झाडात गुणसूत्रांच्या १० जोड्या असतात, म्हणजे एकूण २०. जोडीतलं एक आईकडून (ज्या झाडावर कणीस लागलं ते) आणि एक बापाकडून (ज्या झाडाच्या तुऱ्यातून पराग आला ते) येतं. अमेरिकेच्या शास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९२९ च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली मक्याची ही दहाही गुणसूत्रे वेगवेगळी ओळखून दाखवली. पुढे मक्यावरच्याच संशोधनासाठी त्यांना १९८३ साली नोबेल मिळालं.

एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवा. वेगवेगळ्या पिकांच्या गुणसूत्रांची संख्या शेजारी ठेवून झाडाचा आकार ठरवता येत नाही. ज्वारीत २० आणि मक्यातही २०. हरभऱ्यात १६, कांद्यातही १६. तुरीत २२, आणि गुडघ्याएवढ्या मुगातही २२. सोयाबीनमध्ये तर ४० आहेत, म्हणून काही सोयाबीन मक्याच्या दुप्पट उंच होत नाही. खरा प्रश्न वेगळा आहे. एकाच पिकात ही संख्या कमी-जास्त झाली तर काय होतं?

एका दाण्यातच तीन आकडे

हे समजायला मक्याचा दाणाच पुरेसा आहे. तुऱ्यातून पडणाऱ्या परागकणात १० गुणसूत्रे असतात. कणसाच्या एकेका केसाच्या बुडाशी एक बीजांड असतं, त्यातल्या स्त्रीबीजातही १०. दोन्ही जुळले की २० होतात आणि त्यातून दाण्यातला कोंब तयार होतो. हाच कोंब पुढे झाड बनतो.

पण दाण्याचा जो पिठूळ भाग आपण दळतो आणि खातो, त्यात ३० असतात. तिथे आईकडून १०-१० चे दोन संच येतात आणि बापाकडून १० चा एक. पांढऱ्या मक्याच्या शेजारी पिवळा मका असला तर पांढऱ्या कणसात मधेच पिवळे दाणे दिसतात, ते यामुळेच. वाऱ्याने आलेल्या परागाचा वाटा त्याच हंगामात दाण्यात उतरतो.

आईचे दोन वाटे आणि बापाचा एक, हे प्रमाण मक्याला फार महत्त्वाचं आहे. ते बिघडलं तर दाणा भरत नाही, चिरमटून जातो. हे पुढे कामी येणार आहे.

१० गुणसूत्रांचं झाड : खुजं आणि वांझ

कधीकधी पराग पडतो, दाणा भरतो, पण कोंबात बापाचा वाटा पोहोचतच नाही. असा दाणा पेरला तर त्यातून फक्त १० गुणसूत्रांचं झाड उगवतं. याला हॅप्लॉइड म्हणतात. निसर्गात असं साधारण हजारात एखाद्या दाण्यात घडतं.

हे झाड लगेच वेगळं दिसतं. उंची कमी, पानं अरुंद आणि ताठ, खोड बारीक. तुरा येतो, पण त्यातून पराग बहुतेक पडतच नाही. कारण सरळ आहे. पराग किंवा स्त्रीबीज तयार होताना गुणसूत्रे जोडीने उभी राहतात आणि मग अर्धी-अर्धी वाटली जातात. इथे जोडीदारच नाही, तर वाटणी होणार कशी? म्हणून झाड वांझ राहतं.

४० गुणसूत्रांचं झाड : दाणा जाड, कणीस अपुरं

आता उलटं पाहू. १९३२ साली अमेरिकेत रँडॉल्फ नावाच्या शास्त्रज्ञाने नुकतंच फलन झालेल्या कोवळ्या कणसांना उष्णता दिली. त्यामुळे काही कोंबांतल्या गुणसूत्रांची संख्या दुप्पट झाली आणि ४० गुणसूत्रांचा मका मिळाला. याला टेट्राप्लॉइड म्हणतात. पुढे १९३७ मध्ये कोल्चिसीन हे रसायन गुणसूत्रे दुप्पट करतं हे समोर आलं आणि काम सोपं झालं. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, लाल-पिवळ्या फुलांची कळलावी आपल्याकडे अनेकांनी पाहिली असेल. कोल्चिसीन तिच्यातही असतं. ते जहाल विष आहे, त्यामुळे घरी कोणीही असला प्रयोग करू नये.

४० वाल्या मक्यात काय दिसलं? एकेक पेशी मोठी होते. पान जाड आणि रुंद होतं, परागकण मोठा होतो, दाणाही जाड भरतो. इथपर्यंत ऐकून वाटतं की हेच बियाणं पाहिजे. पण पेशी मोठी झाली की तिची वाढ आणि विभागणी संथ होते आणि एकूण पेशी कमी बनतात. मोठ्या विटा आणल्या, पण विटाच कमी पडल्या, तर भिंत काही उंच होत नाही.

अमेरिकेत एकाच शुद्ध वाणातून १०, २०, ३० आणि ४० गुणसूत्रांची झाडं तयार करून ती शेजारी-शेजारी मोजली गेली. वाणागणिक फरक पडला, पण सर्वसाधारणपणे २० वालं झाडच सरस ठरलं. १० वालं लहान राहिलं, आणि ३०-४० कडे जाताना झाड आणखी वाढण्याऐवजी उलट मागे पडलं.

त्याहून मोठी अडचण दाणे भरण्याची. ४० मध्ये प्रत्येक गुणसूत्राचे चार भाऊ असतात. वाटणीच्या वेळी कधी दोन-दोन होतात, तर कधी तीन एकीकडे आणि एक दुसरीकडे जातो. असे चुकीच्या वाट्याचे पराग आणि बीजांडं वाया जातात, कणसात मोकळ्या जागा राहतात. दाणा जाड असला तरी दाणेच कमी, मग क्विंटलमध्ये फायदा कुठून होणार? म्हणूनच जवळपास शंभर वर्षांपूर्वी तयार होऊनही ४० गुणसूत्रांचा मका शेतकऱ्याच्या वावरात आला नाही.

३० आणि २१ : विषम आकड्याची गोष्ट

४० वाल्या आणि २० वाल्या मक्याचा संकर केला तर ३० चं झाड मिळायला हवं. पण त्यातले बहुतेक दाणे चिरमटतात, कारण आई-बापाचं ते दोनास एक प्रमाण मोडतं. जी झाडं निघतात ती दिसायला ठीक असतात, पण तीन भावांची दोघांत सारखी वाटणी होत नाही. त्यामुळे दाणे फार कमी धरतात.

याहून शिकण्यासारखं म्हणजे २१ गुणसूत्रांचं झाड. वीसवर फक्त एक जास्त. तरी झाडाची वाढ मंदावते, पानाचा किंवा झाडाचा घाट बदलतो. कोणतं गुणसूत्र जास्त झालं त्यावर बिघाड ठरतो. म्हणजे पूर्ण १० चा संच वाढला तर झाडाला एकवेळ चालतं, पण एकच सुटं गुणसूत्र जास्त झालं तर जड जातं.

पंगतीचं उदाहरण घ्या. शंभर माणसांचे रोडगे-वरण दोनशेचं करायचं तर पीठ, डाळ, पाणी, तिखट, मीठ सगळंच दुप्पट घेतलं की चव बिघडत नाही. पण शंभराच्याच वरणात फक्त मीठ दुप्पट टाकलं तर पंगत उठेल. जनुकांचंही तसंच आहे.

संख्या तीच, पण रूप वेगळं

मक्याचा मूळ पूर्वज मेक्सिकोतलं टिओसिंटे नावाचं गवत. आपल्याकडे मकचरी या नावाने ते चाऱ्यासाठी लावतात. त्याला बुडापासून भरपूर फुटवे येतात, कणीस बोटाएवढंच आणि दाणे दगडासारख्या कवचात. मका मात्र एका खोडाचा, मोठ्या कणसाचा. दोघांत इतका फरक असूनही गुणसूत्रे दोघांतही २०च आहेत आणि दोघांचा आपसांत संकरही होतो.

मग फरक कुठून आला? मोजक्या जनुकांतल्या बदलातून. त्यातलं एक जनुक फुटवे रोखतं आणि जोर एका खोडाकडे वळवतं. हजारो वर्षांपूर्वी मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांनी चांगली कणसं निवडून बियाणं राखलं, त्यातून आजचा मका घडला. दुसरीकडे टिओसिंटेचीच एक बहुवर्षायू जात ४० गुणसूत्रांची आहे. तिच्यात गुणसूत्रे मक्याच्या दुप्पट असली, तरी कणीस बारीकच.

आपल्या शिवारातली उदाहरणं

मक्याला संख्या वाढलेली मानवली नाही, मग कोणत्याच पिकाला मानवत नाही का? तसं नाही. आपल्याच जिल्ह्यात याची उत्तरं उभी आहेत.

पऱ्हाटी : देशी कपाशीत, म्हणजे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या एकेए-७, एकेए-८ सारख्या वाणांत, गुणसूत्रे २६. आज सगळीकडे लावली जाते त्या अमेरिकन कपाशीत ५२. अमेरिकन कपाशी ही दोन वेगळ्या कपाशींच्या निसर्गात झालेल्या मिलनातून लाखो वर्षांपूर्वी तयार झाली. दोन घराण्यांचे २६-२६ एकत्र आले, त्यामुळे प्रत्येक गुणसूत्राला आपल्याच घराण्यातला जोडीदार मिळतो आणि वाटणी बिनचूक होते. म्हणून ५२ असूनही बोंडं नीट धरतात. उंचीत मात्र अमेरिकन कपाशी देशीच्या दुप्पट नाही. देशी कपाशीच्या शास्त्रीय नावाचा अर्थच मुळी 'झाडासारखी' असा आहे.

गहू : शेवया आणि रव्यासाठी नावाजलेला बन्सी गहू आणि खपली गहू, या दोन्हींत २८ गुणसूत्रे. पोळीच्या लोकवनमध्ये ४२. इथेही वेगवेगळ्या गवतांचे संच एकत्र आलेले आहेत. तिसऱ्या गवताचा संच आल्यामुळे पिठाचा गुण बदलला, झाड काही दीडपट झालं नाही.

केळी : जळगाव जामोद, संग्रामपूर पट्ट्यातल्या ग्रँड नैन केळीत ३३ गुणसूत्रे, म्हणजे ११ चे तीन संच. वाटणी जुळत नाही म्हणून बी धरत नाही. खाणाऱ्याला ते बरंच आहे. लागवड कंदाने किंवा टिश्यू कल्चर रोपाने होते, त्यामुळे बी नसल्याने काही अडत नाही.

संकरित नेपिअर : बाजरीत १४, नेपिअर गवतात २८. दोघांच्या संकरात २१. याला कसदार बी येत नाही, म्हणून आपण त्याचे ठोंब किंवा कांड्या लावतो. पण चारा मात्र भरघोस. तसंच बरसीमचं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची 'पुसा जायंट' ही बरसीमची जात गुणसूत्रे दुप्पट करूनच तयार झाली, कारण तिथे पाला हवा असतो, दाणा नाही.

या चारही उदाहरणांतून एकच गोष्ट कळते. पाला, खोड किंवा बिनबियांचं फळ हवं असेल तिथे जास्त किंवा विषम गुणसूत्रे फायद्याची ठरू शकतात. जिथे दाणा हवा, तिथे गुणसूत्रांची जोडी नीट जुळणं आणि वाटणी बरोबर होणं आधी लागतं. मका दाण्यासाठी पेरतो, म्हणून त्याला २० चाच हिशोब मानवतो.

मग संकरित मक्याचं झाड मोठं का होतं?

दुकानातल्या संकरित मक्यातही गुणसूत्रे २०च असतात. कंपनी दोन वेगवेगळे शुद्ध वाण वर्षानुवर्षे जपते. हे शुद्ध वाण स्वतः दिसायला किरकोळ असतात. पण त्यांचा संकर केला की पहिल्या पिढीचं झाड आई-बाप दोघांपेक्षा जोमदार निघतं. याला संकर जोम म्हणतात. जोडीतली दोन गुणसूत्रे एकमेकांपासून जितकी वेगळी, तितका जोम साधारणपणे जास्त.

म्हणूनच संकरित मक्याची कणसं राखून पुढच्या वर्षी बियाणं म्हणून पेरली तर फटका बसतो. गुणसूत्रे तेव्हाही २०च असतात, पण दुसऱ्या पिढीत जोडीतला वेगळेपणा सरासरी निम्म्यावर येतो. वावरात एक झाड उंच, एक ठेंगणं, तुरे मागे-पुढे, कणसं लहान-मोठी असं दिसतं. एका बॅगचे पैसे वाचतात, पण एकरी नुकसान त्याहून जास्त होतं. घरचं बियाणं राखायचंच असेल तर संकरित नाही, तर सुधारित (संमिश्र) वाण घ्यावा, आणि तोही दुसऱ्या मक्यापासून लांब लावून राखावा.

'डबल हॅप्लॉइड' म्हणजे नेमकं काय?

नाव ऐकून दुप्पट गुणसूत्रांचं झाड वाटतं, पण तसं नाही. शुद्ध वाण तयार करायला पूर्वी सहा-सात पिढ्या त्याच झाडाचा पराग त्याच झाडाच्या कणसावर टाकावा लागे. आता शास्त्रज्ञ एका खास जातीचा पराग वापरून १० गुणसूत्रांची खुजी झाडं मुद्दाम मिळवतात. असे दाणे ओळखायला रंगाची खूण असते. दाण्याचा माथा जांभळा पण आतला कोंब बिनरंगी, तर तो दाणा हॅप्लॉइड. मग कोल्चिसीन वापरून त्या १० चे २० करतात. जोडीतली दोन्ही गुणसूत्रे हुबेहूब सारखी, त्यामुळे दोनेक हंगामांत पूर्ण शुद्ध वाण हाती येतो. म्हणजे 'डबल' करून आकडा पोहोचतो तो मक्याच्या नेहमीच्या २० वरच.

कर्नाटकात तुमकुरू जिल्ह्यातल्या कुणिगल इथे आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्र आणि बंगळुरूचं कृषी विज्ञान विद्यापीठ यांनी २०२१ मध्ये यासाठी खास केंद्र सुरू केलं. शेतकऱ्याला याचा फायदा इतकाच की नवे संकरित वाण लवकर तयार होतात. 'डबल हॅप्लॉइड आहे, म्हणून दुप्पट पिकेल' असं कोणी सांगत असेल, तर ते बरोबर नाही.

वावरात खुजी झाडं दिसली तर?

लगेच 'बियाण्यातच खोट' असं समजू नका, आणि सोडूनही देऊ नका. आधी झाडं कशी पसरलीत ते पाहा.

• हजारो झाडांत एखाद-दुसरं खुजं, अरुंद पानांचं, बिनपरागाचं झाड इकडेतिकडे दिसलं, तर ते नैसर्गिक हॅप्लॉइड असू शकतं. एकरात अशी मोजकी झाडं निघाली तर काळजी नाही.

• एका पट्ट्यात किंवा सखल भागात झाडं खुजी असतील तर कारण बहुतेक जमिनीत असतं. काळ्या जमिनीत पाणी साचणं, खोल पडलेलं बी, किंवा आधीच्या पिकावर मारलेल्या तणनाशकाचा उरलेला अंश.

• कोवळ्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट पट्टे असतील तर जस्ताची कमतरता असू शकते. माती तपासून घ्या.

• पोंग्यात भुस्सा, पानांना भोकं असतील तर लष्करी अळी बघा.

• सगळ्या वावरात उंच-ठेंगणी झाडं मिसळलेली असतील, तुरे एकसारखे नसतील, तर बियाण्याच्या शुद्धतेचा प्रश्न असू शकतो. अशा वेळी पक्कं बिल, पिशवी, तिच्यावरचं लेबल आणि थोडं शिल्लक बियाणं जपून ठेवा. पीक उभं असतानाच तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लेखी तक्रार द्या, म्हणजे तक्रार निवारण समितीला वावरात येऊन पाहणी करता येते. कापणी झाल्यावर दाखवायला काही राहत नाही.

शंका असेल तर झाड मुळासकट उपटून, फोटोसह, बुलढाणा किंवा जळगाव जामोदच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

थोडक्यात लक्षात ठेवा

१० गुणसूत्रे : झाड खुजं, पराग नाही, दाणा नाही. संशोधनात मात्र फार उपयोगी.
२० गुणसूत्रे : मक्याचं नेहमीचं झाड. देशी असो, सुधारित असो की संकरित.
२१ गुणसूत्रे : एकच जास्त, पण घाट बिघडतो.
३० गुणसूत्रे : झाड उभं राहतं, दाणे फार कमी. (दाण्याच्या पिठात मात्र ३०च असतात.)
४० गुणसूत्रे : पान जाड, दाणा मोठा, पण कणीस अपुरं भरतं.

पुढच्या वेळी बियाणं घेताना गुणसूत्रांचा आकडा विचारायची गरज नाही. वाण आपल्या जमिनीला, पावसाला आणि कालावधीला जुळतो का, शेजारच्या गावात तो कसा पिकला, आणि पक्कं बिल मिळतं का, एवढं विचारलं तरी पुरे.